बेपत्ता ३.२ मिलिलिटर

मी स्वतःबद्दल फारसं बोलत नाही, कारण एकदा बोलायला लागलो की दुपारची संध्याकाळ होते आणि सोड्याची गिऱ्हाइकं खोळंबतात. तरीही वाचकांना कल्पना यावी म्हणून थोडक्यात सांगतो. नजर घारीची. कान सशाचे. नाक माझ्या मेहुणीच्या मते बटाट्याचं, पण तिला रूपाची पारख नाही. स्मरणशक्ती अशी की चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात किती बाटल्या सोडा संपला ते आजही सांगेन. आणि बुद्धीला शोभेल अशी उपमा हंगेरियन भाषेत अजून सापडलेली नाही. त्याचाही तपास चालू आहे.

ओल्शोकुत गावात मी एकमेव खाजगी गुप्तहेर. पोटासाठी सोडा भरतो. आमच्या टेकडीवर घरटी एक द्राक्षमळा आणि एक तळघर आहे, पण वाइन नुसती कुणी पीत नाही. तीत सोडा घालतात आणि त्याला फ्रोच म्हणतात. म्हणजे इतरांची मेहनत जिथे संपते तिथून माझी सुरू होते. कारखान्याच्या दारावर मी स्वतः रंगवलेली पाटी आहे: 'व्हेंडेल. सोडा व शोध.'

"सोडा आधी लिहिलात ते बरं केलंत, दाजी," असं माझी मेहुणी इलुश म्हणाली होती. ती गावातला एकुलता एक गुत्ता चालवते आणि माझ्या कार्यावर तिचा विश्वास नाही.

आजवर सात प्रकरणं माझ्याकडे आली, सातही सुटली. ती मी सोडवली नाहीत असं काही लोक म्हणतात. पाद्रीबाबांच्या हरवलेल्या हंसिणीच्या प्रकरणात मी तिघांवर चोरीचा आरोप ठेवला आणि हंसीण घंटाघरात अंडी उबवत बसलेली निघाली, हे खरं आहे. पण ते तिघे निर्दोष आहेत हे गावाला कळलं कुणामुळे? माझ्यामुळेच ना!

तर मे महिन्यातला सोमवार होता. उन्हानं टेकडी तापली होती. मी सायफनच्या, म्हणजे तोटी दाबली की सोडा उडवणाऱ्या, निळ्या बाटल्या धूत होतो, एवढ्यात लोरिंत्सची नात चेंगे दारात आली. वय सोळा, हातात वही, डोळे लाल. मी लगेच ओळखलं की मुलीला कांदे चिरायला लावले आहेत.

"व्हेंडेलकाका, कांदे नाहीत. मी रडत होते," ती म्हणाली. "केमिस्ट्रीच्या गृहपाठाचं एक विचारायचं होतं. फक्त एवढंच, की ती बाटली तुम्ही—"

"थांब!" मी हात वर केला. "साक्षीदारानं सुरुवातीपासून बोलायचं. आधी बस."

ती बसली आणि तिनं सगळं सांगितलं. शाळेत केलेमेन बाईंनी प्रत्येकाला घरच्या वाइनमधलं आम्ल मोजायला लावलं होतं. त्या प्रकाराला टायट्रेशन म्हणतात. चंबूत दहा मिलिलिटर वाइन घ्यायची, त्यात एका औषधाचे दोन थेंब टाकायचे. वर ब्युरेट नावाची उभी काचेची नळी, तिच्यातून आम्ल मारणारं कॉस्टिकचं पाणी थेंबथेंब सोडायचं. वाइन गुलाबी झाली आणि गुलाबीच राहिली की तोटी बंद. जितके मिलिलिटर लागले त्याला पाऊणनं गुणलं की लिटरमागे किती ग्रॅम आम्ल ते निघतं.

"मला ६.४ लागलं," चेंगे म्हणाली. "तीनदा केलं, तीनदा ६.४. म्हणजे ४.८ ग्रॅम."

"उत्तम. मग रडायचं काय त्यात?"

"आजोबांच्या वाइनमध्ये ७.२ आहे! एप्रिलमध्ये टेकडीच्या स्पर्धेत पदक मिळालं ना, तेव्हा परीक्षक मंडळात केलेमेन बाईच होत्या. त्यांनी स्वतः मोजलं होतं. मला ९.६ मिलिलिटर लागायला हवं होतं, काका. ३.२ कुठे गेलं?"

माझ्या अंगावर काटा आला. इतकं छोटं बेपत्ता मी आजवर शोधलं नव्हतं.

"बाई म्हणाल्या, मापात चूक असेल, गणितात असेल नाहीतर वाइनमध्ये. बुधवारी सकाळपर्यंत शोधून आण." तिनं वही मिटली. "पुढच्या वर्षी केमिस्ट्रीच्या वरच्या वर्गात बाराच जागा आहेत. अकरा भरल्या. बारावी मला मिळणार होती, पण आता बाई म्हणतात, जिला स्वतःची चूक सापडत नाही तिला मी औषधं बनवायला पाठवणार नाही. तो वर्ग नाही मिळाला तर फार्मसी विसरायची."

चेंगे सहा वर्षांची असताना शेंगदाण्याएवढ्या बोटांनी... नाही, खोटं कशाला सांगू, करंगळीएवढ्या बोटांनी माझ्या कारखान्यात सायफनच्या तोट्या मोजून लावायची. एकही चुकायची नाही. तिचे लाल डोळे बघून मला खरोखर वाईट वाटलं.

"तू ९.६ लिहून टाकायचं होतंस," मी हळूच म्हणालो.

"पण आलं ६.४ ना!" ती अशी बघायला लागली की मी नजर सायफनकडे वळवली. "म्हणून विचारते, काका, ती बाटली—"

"बाटलीबद्दल निश्चिंत राहा," मी म्हणालो. "लोरिंत्सनं माझ्यासमोर पिंपातून वाइन काढून सुरईत ओतली. तुझी तीन डेसीची, म्हणजे तीनशे मिलिलिटरची, बाटली मी भरली, बूच मी लावलं, माझ्याच गाडीतून तुझ्या घरी मी पोचवली. सगळा प्रवास एका गुप्तहेराच्या नजरेखाली झाला. बाटली संशयातून मुक्त."

"बूच उघडताना फुस्स झालं होतं."

"असंबद्ध," मी म्हणालो आणि टोपी घातली.

पहिला संशयित अर्थातच लोरिंत्स. तळघराच्या दारात मी त्याला गाठलं आणि डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "खरं सांग, पिंपात पाणी घालतोस?"

लोरिंत्सचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. त्या वयाच्या माणसाला इतकं जोरात पळता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मळ्याच्या तिसऱ्या ओळीत त्याचं फावडं माझ्या टाचेपाशी आलं.

"पाणी? माझ्या वाइनमध्ये?" तो ओरडत होता. "अरे, मी शनिवारी अंगावर घेतो तेवढ्याच पाण्याशी माझा संबंध!"

आसपासचा वास घेतल्यावर हे विधान मला पटलं. लोरिंत्स सुटला.

दुसरा संशय मी स्वतः भौतिकशास्त्राच्या आधारे बांधला. दाबाखालचे वायू, द्रव, गळती या विषयात मला तीस वर्षांचा अनुभव आहे. टेकडीवरून चेंगेच्या घरापर्यंत रस्त्याला एकोणीस खड्डे. आम्ल जड असतं. जड वस्तू हिसक्यानं खाली बसते. म्हणजे आंबटपणा बाटलीच्या तळाशी गेला आणि पोरीनं वरची गोडी मोजली!

"विरघळलेलं आम्ल तळाशी बसत नाही, काका," चेंगे म्हणाली.

"रस्ता बघितलायस का तू?"

"शिवाय मी बाटली हलवून घेतली होती."

भौतिकशास्त्र कोलमडलं. मग मी तिच्या वहीतली गणितं तपासायला घेतली. तिथे मला जबरदस्त धागा मिळाला. वाइनमधल्या टार्टारिक आम्लाच्या प्रत्येक कणात कॉस्टिकशी भिडणारे हायड्रोजन दोन असतात असं तिनं लिहिलं होतं.

"दोघे!" मी टेबलावर हात आपटला. "आणि समज त्यातला एक कामावर आलाच नाही. एक हजर, एक फरार. कॉस्टिक कमी लागणारच!"

"एक फरार असता तर निम्मं लागलं असतं. ४.८ मिलिलिटर. मला ६.४ लागलं."

"मग फरार झालेला अधूनमधून येत असेल."

चेंगेनं कपाळ वहीवर टेकवलं. विचारात पडलेल्या सहकाऱ्याला त्रास द्यायचा नाही हा माझा नियम आहे, म्हणून मी तिची पेन्सिल टोकदार करून ठेवली.

मंगळवारी सकाळी मी शाळेत पोचलो. मास्तरांच्या खोलीत आठवड्याला दोन पेट्या सोडा माझाच जातो, त्यामुळे दार उघडायला कुणी अडवत नाही. प्रयोगशाळेत केलेमेन बाई एकट्याच होत्या. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. तेव्हापासून त्या मला त्याच नजरेनं बघतात.

"व्हेंडेल, सोड्याची पेटी तिकडे ठेव आणि कशालाही हात लावू नकोस."

मी कशालाही हात लावला नाही, फक्त ब्युरेटजवळ नाक नेलं. आणि काय दिसावं! नळीवर शून्य सगळ्यात वर होतं आणि पन्नास सगळ्यात खाली!

"बाई!" मी किंचाळलो. "नळी उलटी टांगली आहे!"

"ती तशीच असते."

"पण भरलेली असताना शून्य दाखवते!"

"किती ओतलं ते मोजायचं असतं, व्हेंडेल, किती उरलं ते नाही. तू सोड्याच्या बाटल्या विकल्यास की पेटीतल्या रिकाम्या मोजतोस की भरलेल्या?"

मी रिकाम्या मोजतो. पण हे कबूल करणं तपासाच्या हिताचं नव्हतं. मी विचारलं, "मग चूक कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेलच?"

"नाही," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "पोरीचा हात चांगला आहे. तीनदा तंतोतंत एकच आकडा येणं सोपं नसतं. म्हणूनच मला उत्तर हवं आहे. आणि ते तिनं आणायला हवं."

बाहेर पडताना व्हरांड्यात मला खरा गुन्हेगार दिसला. पानका, चेंगेच्याच वर्गातली. बारावी जागा चेंगेची गेली तर ती हिच्याकडे येणार होती. आणि तिच्या बाहीवर गुलाबी डाग होता! टायट्रेशनचा तोच गुलाबी रंग!

"सापडलीस!" मी तिच्यासमोर उडी मारली. "चेंगेच्या चंबूत रात्रीतून काय कालवलंस? बाहीवर पुरावा आहे!"

पानकानं बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग शांतपणे बाही चाटली.

"रासबेरीचं सरबत," ती म्हणाली. "तुमच्याच सोड्यात केलेलं. आणि काका, चेंगेनं माझं चुकलेलं गणित काल दुरुस्त करून दिलं. तिला जागा मिळाली नाही तर मीसुद्धा जाणार नाही त्या वर्गात. मला तिथे एकटीला काही समजणार नाही."

मी तिची माफी मागितली. गुप्तहेराला हेही यावं लागतं, आणि मला सवयीनं चांगलं येतं.

दुपारी चारच्या सुमारास इलुशच्या गुत्त्यात मी आणि चेंगे समोरासमोर बसलो होतो. माझ्यापुढे फ्रोच, तिच्यापुढे वही. टेबलावरच्या कागदी आच्छादनावर मी सगळे संशयित लिहिले होते आणि एकेकावर काट मारली होती. उरलं होतं फक्त 'भूकंप?'.

"राहू दे, काका," चेंगे म्हणाली. ती रडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "मी बाईंना सांगते की सापडलं नाही. खरं तेच सांगते. पानकाला समजावते, जा म्हणावं तू."

मी फ्रोचचा ग्लास बाजूला सारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं की आपण निव्वळ सोडाच भरावा.

इलुश ग्लास पुसत पुसत टेबलाशी आली. "कालपासून ऐकतेय हरवलं, हरवलं. काय हरवलंय गं?"

"मावशी, ९.६ यायला हवं होतं आणि ६.४ आलं."

इलुशनं ग्लास उजेडात धरला, फुंकर मारली, परत पुसला.

"नऊ-सहाचे तीन वाटे कर," ती म्हणाली.

"३.२, ३.२, ३.२."

"त्यातले दोन आले, एक गेला."

"हो. दोन वाटे ६.४." चेंगेची मान वर झाली. "बरोबर दोन तृतीयांश. अगदी बरोबर!"

"मग यात शोधायचं काय? दोन डेसी वाइन, एक डेसी सोडा. मोठा फ्रोच." इलुशनं ग्लास ठेवला. "निम्मं-निम्मं असतं तर छोटा फ्रोच. एक वाइन दोन सोडा असता तर लांब पाऊल. एकवीस वर्षं दिवसाला दीडशे ओततेय बाई, एवढं ओळखायला मला गुलाबी औषध लागत नाही."

दाराशी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. माशी तेवढी माझ्या ग्लासाभोवती फिरत होती.

"फुस्स झालं होतं!" चेंगे उभीच राहिली. "बूच उघडताना! आणि मोजण्याआधी वायू घालवायला बाई वाइन गरम करायला लावतात, म्हणून बुडबुडे राहिलेच नाहीत! मावशी, बाटलीत सोडा होता!"

"आजोबांनी घातला?" इलुशनं विचारलं.

"आजोबांनी तर सुरईत नुसती वाइन ओतली. बाटली भरली ती..."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

वाचकहो, स्मरणशक्तीबद्दल मी वर जे लिहिलं त्यात एक सूक्ष्म दुरुस्ती. मला सगळं आठवतं, पण केलेलं. न केलेलं कसं आठवणार? आणि वाइनच्या भांड्यात सोडा घालणं हे काही मी करत नाही, ते आपोआप होतं. श्वास किती घेतले ते कुणी मोजून ठेवतं का?

"दाजी," इलुश गोड आवाजात म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती फक्त उधारी मागते. "नीट आठवा. लोरिंत्सचं तळघर. हातात बाटली. मग?"

"मग दोन डेसी वाइन ओतली," मी म्हणालो.

"आणि?"

"गाडीत सायफन होता."

"आणि?"

"अगं, ऊन किती होतं! लोरिंत्स म्हणाला, ही बाईंकडे शाळेत जायची आहे. आता दुपारच्या वेळी एका बाईमाणसाकडे निव्वळ वाइन पाठवायची? काय म्हणतील त्या? ओल्शोकुतच्या लोकांना रीतभात नाही?"

इलुश टेबलाचा कोपरा धरून खाली बसली. हसून हसून तिला धाप लागली होती. दाराशी बसलेले ते दोन म्हातारे खोकल्याच्या नावाखाली हसत होते. मी डोळे मिटून चेंगेच्या ओरडण्याची वाट पाहिली. माझ्या रीतभातीमुळे पोरीची फार्मसी जाणार होती, आणि ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

पण ती ओरडली नाही. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

"काका, म्हणजे मी चुकले नव्हते! बाटलीत ४.८ होतं आणि मी ४.८ मोजलं!"

बुधवारी सकाळी सातलाच नवी बाटली निघाली. लोरिंत्सनं भरली, इलुशनं बूच लावून वर मेण ओतलं आणि चेंगे ती छातीशी धरून चालत शाळेत गेली. मला गाडीसह रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, वीस पावलं मागे ठेवण्यात आलं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मी नाक काचेला लावून बघितलं. थेंब, थेंब, थेंब. मग फिका गुलाबी रंग. पानकानं नळीजवळ डोळा नेला आणि खिडकीकडे बघून बोटांनी दाखवलं: नऊ, आणि सहा.

चेंगेनं वहीत दोन्ही निकाल लिहिले. 'त्रुटीचे कारण' या रकान्यात माझं नाव येणार म्हणून मी आदल्या संध्याकाळी दाढी करून ठेवली होती. तिनं लिहिलं होतं: 'नमुना भरणारी व्यक्ती अतिशय सभ्य होती.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग लाल पेनानं खाली लिहिलं: 'पहिलं मापही बरोबर. ५.' आमच्याकडे पाचाच्या वर गुण नसतात. बाराव्या जागेपुढे त्यांनी चेंगेचं नाव घातलं. पानकासाठी त्यांनी तेरावी खुर्ची कुठूनशी ओढून आणली आणि तिचा एक पाय डगमगतो हे आधीच सांगितलं.

माझ्या आठव्या प्रकरणाचा निकाल मी पाटीखाली खडूनं लिहिला: 'गुन्हेगार सापडला. प्रामाणिक निघाला.' इलुशनं तो ओल्या फडक्यानं पुसला. मी परत लिहिला.

शुक्रवारी चेंगे कारखान्यात आली. हातात पहिली बाटली होती, तीन डेसीची, ती शाळेतच राहिली होती. धुऊन लख्ख केलेली, आणि गळ्याला केलेमेन बाईंची चिठ्ठी बांधलेली. मी ती मोठ्यानं वाचली.

'व्हेंडेल, उरलेल्या नमुन्याचं काय करावं हा प्रश्न होता. काल दुपारी प्रयोगशाळेत फार उकडत होतं. दोनास एक, अगदी बरोबर होतं.'

चेंगेनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, नीट घडी घातली आणि वहीत, त्या लाल पाचाच्या शेजारी ठेवली.

"चला," ती म्हणाली. "माझं उत्तर दुसऱ्या पद्धतीनंही पडताळून झालं."